कॉमन लॉ : समान, सामान्य, सामाईक की आणखी काही?

(एका मराठी चर्चामंचावरील धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप

न्यू जर्सीत मुलांकडे येऊन स्थायिक झालेल्या ज्येष्ठांसाठी अमेरिकेच्या शासनव्यवस्थेची ओळख करून देणारी एक छोटी मराठी पुस्तिका मी लिहीत आहे. ज्यांचे वय ५० पूर्ण आहे आणि कायम रहिवासी म्हणून ज्यांना २० वर्षे झाली आहेत, किंवा ज्यांचे वय ५५ पूर्ण असून वास्तव्य १५ वर्षांचे आहे, त्यांना नागरिकत्वाच्या मुलाखतीत इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत सोडवता येतात. पुस्तिका मराठीत असण्याचे खरे कारण हेच आहे.

संसद, राष्ट्राध्यक्ष आणि निवडणुका यांवरची प्रकरणे बिनबोभाट पार पडली. अडले ते न्यायालयांवरच्या प्रकरणात. ‘अमेरिकेची न्यायपद्धती इंग्लंडच्या कॉमन लॉवर उभी आहे’ या वाक्यात मी ‘समान कायदा’ असा शब्द योजला होता. कच्चा मसुदा वाचून एका आजोबांनी मोठ्या समाधानाने विचारले, “म्हणजे इथे समान नागरी कायदा आधीपासूनच आहे तर?” त्यानंतर गप्पा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४४ वर गेल्या आणि अमेरिका बाजूलाच राहिली. कॉमन लॉसाठी, म्हणजे न्यायाधीशांच्या निवाड्यांतून घडत गेलेल्या कायद्यासाठी, मराठीत रुळलेला, वाचणाऱ्याला भलतीकडे न नेणारा शब्द कोणता?

अनुस्वार

‘समान’ सोडा आणि ‘सामान्य विधी’ घ्या. समानाचा जो भाव तो सामान्य, अशी त्याची सरळ व्युत्पत्ती आहे, आणि अनेकांत एकच असणारे ते ‘सामान्य’ हा अर्थ न्याय आणि वैशेषिक या जुन्या दर्शनांपासून चालत आला आहे. आपण शाळेत ‘सामान्यनाम’ शिकलो तेव्हा ते नाम हलक्या दर्जाचे आहे असे कोणालाही वाटले नाही. एका जातीच्या सर्व वस्तूंना लागू पडणारे नाम, एवढेच आपण समजलो. जो शब्द व्याकरणात चालतो तो कायद्यात का चालू नये? देवनागरीत ‘कॉमन लॉ’ लिहिणे म्हणजे भाषांतर नव्हे, लिप्यंतर आहे, आणि त्यासाठी चर्चेचीही गरज नाही.

शिरस्तेदार

अनुस्वार, व्युत्पत्ती मान्य, पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत. ‘सामान्य कुवतीचा’, ‘सामान्य माणूस’, ‘अतिसामान्य चित्रपट’ हे वाचणाऱ्याच्या कानात आधीच बसलेले आहे, त्यामुळे ‘सामान्य कायदा’ म्हटले की त्याला एखादा ‘विशेष’ कायदाही असणार असे वाटेल. माझी सगळी नोकरी कोर्टात गेली. तिथे वकील मराठीत युक्तिवाद करतानाही ‘कॉमन लॉप्रमाणे’ असेच म्हणत आणि कोणाचेही काही अडत नसे.

शब्द शोधण्याआधी ‘कॉमन’ कोणाच्या तुलनेत, ते पाहावे लागेल. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या काळात राजाचे न्यायाधीश परगण्या-परगण्यांत फिरून निवाडे करू लागले. तोवर प्रत्येक ठिकाणचे न्याय तिथल्या रूढीप्रमाणे होत. फिरत्या न्यायाधीशांचे नियम मात्र साऱ्या राज्याला एकच, म्हणून ते कॉमन. केंट परगण्यात बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची रूढी होती, तर कॉमन लॉप्रमाणे ती थोरल्याकडे जाई. केंटची ती रूढी थेट १९२५ च्या कायद्यांनी मोडीत निघाली. तेव्हा इथे ‘कॉमन’चा विरुद्धार्थी शब्द ‘असामान्य’ नाही, ‘स्थानिक’ आहे. म्हणूनच काही पुस्तकांत दिसणारा ‘रूढी-कायदा’ हा पर्याय मला सर्वांत चुकीचा वाटतो, कारण ज्याला मागे सारून हा कायदा वाढला त्याचेच नाव आपण त्याला देतो.

ओसरी

मग ‘सामाईक’ का नको? लसाविमधला ‘सा’ सामाईकच आहे. महाराष्ट्रातल्या सीईटीला शासन ‘सामाईक प्रवेश परीक्षा’ म्हणते आणि तिचा अर्थही नेमका तोच, की पूर्वी प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी, आता सर्वांना मिळून एक. शिरस्तेदारांनी सांगितलेल्या इतिहासाला हा शब्द अगदी चपखल बसतो. शिवाय तो घरातला आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक बांध हे शब्द वापरणाऱ्याला कोश उघडावा लागत नाही.

शिरस्तेदार

ओसरीताई, तुम्ही दिलेली तीनही उदाहरणे भांडणाची आहेत, हे तुमच्या लक्षात आले का? सामाईक विहीर म्हटले की माझ्यासारख्याला हिस्से, पाळ्या आणि मनाईहुकूम आठवतात. ‘सामाईक कायदा’ म्हणजे सामाईक मालमत्तेचा कायदा असेच कोर्टातला कोणीही समजेल.

चकवा

मी कायद्याचे शिक्षण अमेरिकेत घेतले आहे, म्हणून या चर्चेत एक अडचण वाढवतो. तुम्ही सर्व जण एका शब्दाला एक प्रतिशब्द शोधत आहात, पण ‘कॉमन लॉ’ तीन वेगवेगळ्या जोड्यांत वावरतो आणि प्रत्येक जोडीत त्याचा अर्थ बदलतो. एका जोडीत त्याच्या समोर विधिमंडळाने केलेला अधिनियम असतो. तिथे कॉमन लॉ म्हणजे न्यायाधीशांच्या निवाड्यांतून घडलेला कायदा. दुसऱ्या जोडीत समोर ‘इक्विटी’ असते; तिथे तो राजाच्या जुन्या न्यायालयांचा कायदा, आणि इक्विटी म्हणजे चान्सेलर या राजाच्या मंत्र्याच्या न्यायालयाने न्यायबुद्धीने दिलेली दाद. तिसऱ्या जोडीत समोर रोमन परंपरेतली संहिताबद्ध पद्धती असते. तिथे कॉमन लॉ हे एका संपूर्ण न्यायपद्धतीचे नाव होते.

अमेरिकेच्या संविधानात हा शब्द एकाच जागी येतो, १७९१ च्या सातव्या दुरुस्तीत. कॉमन लॉच्या दाव्यांत वादाची रक्कम वीस डॉलरांहून अधिक असेल तर ज्युरीचा, म्हणजे निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा, हक्क अबाधित राहील, असे ती सांगते. (हे वीस डॉलर आजही वीसच आहेत.) तिथला अर्थ दुसऱ्या जोडीतला आहे, कारण इक्विटीच्या दाव्यांत ज्युरी नसे. संघीय न्यायालयांत दोन्ही कार्यपद्धती १९३८ मध्ये एकत्र झाल्या. डेलावेअर राज्यात मात्र आजही चान्सरीचे, म्हणजे इक्विटीचे, वेगळे न्यायालय आहे आणि तिथले न्यायाधीश ज्युरीविना मोठमोठ्या कंपन्यांचे वाद ऐकतात. आता गंमत पाहा. इक्विटीला मराठीत ‘समन्याय’ म्हणतात. कॉमन लॉला ‘समान कायदा’ म्हटले तर शतकानुशतके एकमेकांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन गोष्टी मराठीत जुळ्या बहिणी दिसतील.

अनुस्वार

चकवा यांची विभागणी उपयुक्त आहे, पण मूळ इंग्रजीत शब्द एकच असून तीन अर्थ चालतात, तर मराठीतल्या एका शब्दाने तीन अर्थ वाहिले म्हणून काय बिघडते? परभाषेतल्या शब्दाला संदिग्धतेची सवलत द्यायची आणि आपल्या शब्दाकडून मात्र गणिती नेमकेपणा मागायचा, हा दुजाभाव मला मान्य नाही. आणि हे ‘ज्युरी’ तरी कशाला? ‘पंचमंडळ’ म्हणा.

शिरस्तेदार

पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा. तो पुढे कोर्टात साक्षीला उभा राहतो; दोषी की निर्दोष हे तो ठरवत नाही. खुद्द मुंबईत ज्युरीपुढे खटले चालत असताना लोक ‘ज्युरी’च म्हणत होते. १९५९ मध्ये नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले ते ज्युरीने, पंचांनी नव्हे.

माडाखाली

मी गोव्याचा आहे, म्हणून चकवा यांच्या तिसऱ्या जोडीकडे येतो. आमचे घर त्या जोडीच्या पलीकडच्या काठावर आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० मध्ये लागू झाली आणि तिच्यातील कौटुंबिक तरतुदींचा मोठा भाग १९६१ नंतरही चालू राहिला. या रोमन परंपरेला इंग्रजीत ‘सिव्हिल लॉ’ म्हणतात. महाराष्ट्रातली माणसे त्याचे भाषांतर ‘दिवाणी कायदा’ असे करतात, तेव्हा मला काय करावे ते सुचत नाही. दिवाणी हा मोगल काळापासूनचा महसुलाचा शब्द. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची मिळाली ती दिवाणीच. तो पुढे फौजदारीच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसला. पोर्तुगालच्या संहितेशी त्याचा काही संबंध नाही.

बरे, ‘नागरी कायदा’ म्हणावे तर तळटीप यांचे आजोबा तिथेही उभे आहेत. ‘समान नागरी कायदा’ या आपल्या प्रचारातल्या शब्दसमूहाची फोड करून बघा. त्यातला ‘समान’ म्हणजे कॉमन आणि ‘नागरी’ म्हणजे सिव्हिल. जगातल्या दोन मोठ्या न्यायपद्धतींची नावे एकाच राजकीय घोषणेत अडकली आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ या दोहोंपैकी एकही नाही. त्या घोषणेने हे दोन्ही शब्द निदान आपल्या पिढीपुरते खर्च करून टाकले आहेत, असे मला वाटते.

ओसरीताईंच्या ‘सामाईक’बद्दल एक. आमच्याकडे विवाहपूर्व करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘कॉम्युन्यांव’ म्हणतात. गावच्या सामाईक जमिनीची संस्था ती ‘कोमुनिदाद’. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून आले, त्यापासूनच इंग्रजीतला ‘कॉमन’ आला. म्हणजे गोव्यात ‘कॉमन’ हे मालमत्तेचे विशेषण आहे, कायद्याचे नव्हे.

चकवा

माडाखाली, तुमच्यासारखेच एक राज्य अमेरिकेत आहे. १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या प्रदेशातून लुइझियाना झाले, आणि तिथली नागरी संहिता आजही पहिल्याच कलमात सांगते की कायद्याचे उगम दोन, विधान आणि रूढी. न्यायालयाचे निवाडे त्या यादीत नाहीत. व्यवहारात तिथले वकील निवाडे उद्धृत करतातच आणि सातत्याने एकाच दिशेने आलेल्या निवाड्यांना वजनही असते. पण तत्त्व वेगळे आहे. कॅलिफोर्नियाची तऱ्हा निराळी. मेक्सिकोकडून आल्यावर त्या राज्याने १८५० मध्ये इंग्लंडचा कॉमन लॉ स्वीकारला, मात्र पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचा स्पॅनिश नियम तेवढा ठेवून घेतला. त्यामुळे घटस्फोटाच्या वेळी कॅलिफोर्नियातले जोडपे न्यूयॉर्कपेक्षा मडगावच्या जास्त जवळ असते.

आणि तळटीप यांनी पुस्तिकेत ‘अमेरिकेचा कॉमन लॉ’ असा एकवचनी प्रयोग टाळावा. मूळ राज्यांनी स्वातंत्र्याच्या वेळी तो आपापल्या तारखेने उचलला. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या संविधानाने १९ एप्रिल १७७५ ही तारीख धरली, म्हणजे लेक्झिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली तो दिवस. मागाहून राज्य झालेल्या फ्लोरिडाचा कायदा ४ जुलै १७७६ धरतो. पुढे १९३८ मध्ये ईरी रेल्वेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की संघाचा असा सर्वसाधारण कॉमन लॉ नाहीच. म्हणजे जो इंग्लंडमध्ये ‘सर्वांना एक’ म्हणून कॉमन झाला, तो अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. आता कोणी ‘समान’ म्हणून दाखवावे.

ओसरी

इतके झाल्यावर ‘कॉमन’चे भाषांतर करण्याचा नाद सोडून तो कायदा कसा तयार होतो त्यावरून नाव द्यावे, असे मला वाटू लागले आहे. ‘पायंड्याचा कायदा’ कसे? एकाने पाऊल टाकले, दुसऱ्याने त्यावर टाकले, वाट पडली. माझ्या आजोळी ‘पायंडा’ हा शब्द खरोखरच पायवाटेसाठी वापरत. माझ्या मते तो पाय आणि दंड, म्हणजे शेताचा बांध, यांच्या मिलाफातून आला असावा. ‘वहिवाट’मध्येही वाटच आहे.

अनुस्वार

‘पाय’ आणि ‘दंड’ यांचा मिलाफ ही कल्पना काव्यात शोभेल. त्याला आधार काय? शिवाय ‘पायंडा’ला आज निंदेचा वास आहे. ‘चुकीचा पायंडा पडेल’ असे आपण रोज ऐकतो. ‘उत्तम पायंडा पडला’ असे म्हणणारा विरळा.

शिरस्तेदार

वहिवाट तर मुळीच नको. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला उतरंड घालून दिली होती. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशने, ती नसतील तर देशाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समन्याय व सदसद्विवेक. त्या यादीत वहिवाट म्हणजे लोकांची चाल. न्यायाधीशाने लिहिलेली कारणे म्हणजे वहिवाट नव्हे. तुमचा रोख चांगला आहे, पण शब्द हवा असेल तर ‘निवाडा’ घ्या. मराठ्यांच्या कागदपत्रांत ‘निवाडपत्र’ आहेच. ‘निवाड्यांतून घडलेला कायदा’ असे लांबलचक लिहिले तरी पहिल्या जोडीपुरते काम भागते.

तळटीप

शिरस्तेदारकाका, हे मला पटते आहे, कारण पुस्तिकेत उदाहरणही मी तेच घेतले आहे. १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आले. औषध करणाऱ्याने विषारी बेलाडोनाच्या अर्काच्या बरणीवर साध्या वनस्पतीच्या अर्काची चिठ्ठी लावली, ती बरणी मधल्या दुकानदारांच्या हातून एका बाईपर्यंत पोचली आणि ती मरता मरता वाचली. बनवणाऱ्याशी तिचा करार नव्हता. तरीही विषासारख्या स्वभावतःच घातक वस्तूबाबत बनवणारा थेट जबाबदार, असे न्यायालय म्हणाले. १९१६ मध्ये त्याच न्यायालयापुढे मॅकफर्सन नावाच्या ग्राहकाची ब्यूइक मोटार आली. तिच्या एका चाकाच्या लाकडी आऱ्या मोडल्या आणि तो जखमी झाला. मोटार त्याने विक्रेत्याकडून घेतलेली, कंपनीशी करार नाही. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १८५२ चा निवाडा पुढे नेला: निष्काळजीपणे बनवली तर घातक ठरेल अशी कोणतीही वस्तू त्यात बसते. बरणीपासून चाकापर्यंतचा हा प्रवास विधिमंडळात एकदाही मतदान न होता झाला. बाकीच्या राज्यांनी तो हळूहळू आपलासा केला.

वाचणाऱ्याला एवढे कळले की नाव काहीही असले तरी चालेल, असे मी म्हणणार होते; पण याच परिच्छेदात दुसरी अडचण निघाली. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटला पहिल्यांदा चालवणारे न्यायालय आहे आणि सर्वांत वरचे आहे ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’. मराठी वृत्तपत्रे ‘न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने’ असे छापतात आणि वाचणारा समजतो की आता संपले, वर दाद नाही.

अनुस्वार

म्हणूनच तर लिप्यंतर घातक आहे! तुम्ही ‘सुप्रीम कोर्ट’ लिहाल तरी वाचणारा ‘सर्वोच्च’च समजेल. कार्यावरून नाव द्या. न्यूयॉर्कपुरते ‘प्रथम न्यायालय’ म्हणा.

शिरस्तेदार

फाटकावर ‘सुप्रीम कोर्ट’ लिहिलेल्या इमारतीत आजोबा गेले आणि ‘प्रथम न्यायालय’ कुठे म्हणून विचारत बसले, तर त्यांना कोण सांगणार? संस्थेचे नाव हे विशेषनाम आहे. त्याचे भाषांतर करू नये, खुलासा करावा.

माडाखाली

विशेषनामांचे सोडा, ‘सरकार’ या साध्या शब्दाचे काय करणार आहात? नागरिकत्वाच्या २००८ च्या प्रश्नसंचात शासनाच्या एका ‘ब्रँच’चे नाव सांगा असा प्रश्न होता, उत्तर काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष किंवा न्यायालये. दुभाष्याने ‘सरकारची एक शाखा सांगा’ असे विचारले तर मराठी माणूस ‘गुन्हे शाखा’ म्हणेल. न्यायालय हा सरकारचा भाग आहे ही कल्पनाच आपल्या ‘सरकार’ शब्दात नाही. आपल्याकडे सरकार हरते ते न्यायालयात.

अनुस्वार

त्यासाठी नवे काही शोधायला नको. शाळेच्या नागरिकशास्त्रात ‘शासनसंस्थेची तीन अंगे’ असा सुंदर शब्दप्रयोग आहे: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ. तोच घ्यावा.

शिरस्तेदार

‘अंगे’ला माझी हरकत नाही, पण ‘शासन’ही निर्मळ नाही. आमच्याकडे फौजदारी खटल्याच्या मथळ्यावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असे असते आणि त्या बाजूला ‘सरकार पक्ष’ म्हणतात. तिथे शासन न्यायालयासमोर पक्षकार म्हणून उभे आहे, न्यायालय त्याचे अंग नाही. अमेरिकेत काय लिहितात?

चकवा

संघाच्या खटल्यात ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध’, पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात ‘द पीपल विरुद्ध’. सरकारी वकील तिथे लोकांच्या वतीने उभा राहतो. त्याला ‘सरकारी’ वकील म्हणावे का, हाही प्रश्नच आहे, कारण बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा तो वकील मतदारांनी निवडून दिलेला असतो.

ओसरी

‘लोकवकील’?

अनुस्वार

‘जनाभियोक्ता’. अभियोग चालवतो तो अभियोक्ता.

शिरस्तेदार

जनाभियोक्ता हा शब्द शपथेवर उच्चारायला लावला तर निम्मे साक्षीदार फितूर होतील. आणि ओसरीताई, लोकवकील म्हटले की लोकअदालतीतला वकील वाटतो.

माडाखाली

निवडून आलेला आहे म्हणून तो सरकारी नाही, हा तर्क मला कळला नाही. आमदारही निवडून आलेला असतो. न्यायाधीशही पुष्कळ राज्यांत निवडून येतात असे ऐकून आहे. मग त्यांना काय म्हणणार?

चकवा

येतात, आणि काही राज्यांत तर पक्षाच्या चिन्हाखाली येतात. पण सरकारी वकिलाला तुम्ही आमदाराच्या ओळीत बसवलेत ते मला पटत नाही. आमदार कायदा करतो, हा कोणावर खटला भरायचा ते ठरवतो. त्यासाठी वेगळा धागा काढू या का?

तळटीप

काढा, पण त्याआधी मला कोणी सांगेल का, की प्रकरणाच्या मथळ्यात मी काय लिहू? छपाईला शुक्रवारी द्यायचे आहे.

अनुस्वार

सामान्य विधी.

शिरस्तेदार

कॉमन लॉ.